तात्यासाहेबांच्या नावाचा पासवर्ड

मी एक जुना सर्व्हर आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत औषधे बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या स्टोअरशेजारच्या छोट्या खोलीत, पत्र्याच्या कपाटात, मी नऊ वर्षे बसून आहे. कारखान्याचे नाव मात्र मी सांगणार नाही. ज्याला अधिकार नाही त्याला न सांगणे, हेच तर माझे आयुष्यभराचे काम.

मित्रांनो, तुमच्या शाळेत शिपाईकाकांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा असतो ना? प्रयोगशाळेची किल्ली विज्ञानाच्या बाईंना मिळते, खेळाच्या खोलीची क्रीडाशिक्षकांना. मीही तसाच जुडगा सांभाळतो, फक्त माझ्या किल्ल्या डोळ्यांना दिसत नाहीत. कारखान्यातला माणूस संगणकासमोर बसून आपले नाव आणि पासवर्ड टाकतो. तो संगणक मला विचारतो, हा कोण आणि याला काय काय उघडू द्यायचे? मी माझी यादी बघतो आणि उत्तर देतो. पॅकिंगच्या माणसाला पॅकिंगचे पान, लॅबच्या माणसाला तपासणीचे. एका वेळी तयार झालेल्या मालाला इथे बॅच म्हणतात. ती बॅच बाजारात सोडायची की थांबवायची, हे ठरवणारी किल्ली मात्र माझ्याकडे एकाच माणसाच्या नावावर होती. ते म्हणजे तात्यासाहेब.

तात्यासाहेब तपासणी विभागाचे प्रमुख, म्हणून बाकीची दारेही त्यांना खुली. मूळचे वैजापूरकडचे, शेतकरी घरातले, शिकून रसायनशास्त्रात पदवी घेतलेले. शंका आली की बाटली उजेडाकडे धरून इतका वेळ बघत, की शेजारी उभ्या असलेल्याची मान दुखू लागे. "औषध म्हंजे काय चहा नाय, गोड कमी झाला तर साखर घालायला," असे ते नव्या माणसांना सांगत.

मला इथे बसवले ते हिमांशू नावाच्या इंजिनिअरने. त्याने माझ्यात परवानग्यांचा प्रोग्रॅम घातला, दोन दिवस बसून एकशे चाळीस माणसांची नावे भरली, आणि प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहिले. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा मलाही झेंडूचा हार मिळाला. पहिली चार वर्षे माझी फार चांगली गेली. सकाळी आठच्या पाळीला सगळे संगणक एकदम जागे होत आणि मी एकेकाला आत सोडत असे. चुकीचा माणूस आला की मी नाही म्हणत असे, आणि माझ्या नाहीला मान होता.

मग २०२० साल आले. टाळेबंदीत तात्यासाहेब गावी अडकले, आणि त्यातच त्यांना कोरोना झाला. इकडे तापाच्या गोळ्यांची मागणी वाढलेली. लॅबमधली दोन माणसे तपासणी करून आकडे फोनवर वाचून दाखवायची. पलीकडून तात्यासाहेब खोकत खोकत ऐकायचे आणि निर्णय द्यायचे. पण बटण दाबायला कारखान्यात कुणीतरी हवे होते. शेवटी त्यांनी आपला पासवर्ड पॅकिंगच्या कडूबाईंना सांगितला. कडूबाईंनी तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

त्या दिवसांत हे योग्यच होते. प्रत्येक बॅच तात्यासाहेबांनीच तपासून सोडली होती. फक्त, ते बरे होऊन परतल्यावर पासवर्ड बदलायचे राहून गेले. पुठ्ठा डिस्पॅचमधल्या, म्हणजे माल रवाना करण्याच्या खोलीतल्या, कपाटाच्या दाराला आतून चिकटलेलाच राहिला. हळूहळू सगळ्यांना कळले की या एका नावाने सगळी दारे उघडतात. कुणाला जुनी नोंद दुरुस्त करायची असो, कुणाला यादी छापायची असो, जो तो तात्यासाहेब होऊ लागला. माझ्या नोंदीत तात्यासाहेब एकाच वेळी तीन खोल्यांत काम करत होते. रजेच्या दिवशीही करत होते! हिमांशू नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेला होता. माझ्या पंख्यात धूळ साचली, माझा प्रोग्रॅम जुना झाला, आणि मी जो येईल त्याला आत सोडत राहिलो. पासवर्ड बरोबर होता ना. दूरच्या संगणकासमोर बसलेला चेहरा मला दिसत नाही.

तीन वर्षांनी प्रेरणा आली.

ती गंगापूरची. घरी ऊस आणि कापूस, घरातली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. रोज सकाळी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन वाळूजला यायची. सगळ्या कारखान्याच्या संगणकांची जबाबदारी तिच्या एकटीवर, आणि तीही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पंख्यातली धूळ ब्रशने काढली. जेवणाचा डबाही ती माझ्याच खोलीत खाई, कारण इथे गारवा असतो. खाता खाता ती माझ्या जुन्या नोंदी वाचत असे. आठव्या दिवशी घास हातातच ठेवून ती थबकली. मग उठून सरळ लॅबमध्ये गेली आणि तात्यासाहेबांना घेऊनच परतली.

"तात्या, गेल्या रविवारी तुम्ही कुठं होतात?"

"पुतण्याच्या लग्नात. कामून गं?"

"इथं तर तुम्ही दिवसभर काम करताय."

तात्यासाहेब हसले. "अगं, ते पोरं वापरतात माझं नाव. काम अडत नाय त्यानं."

"आज अडत नाय. उद्या कुणी वाकडं केलं तर तुमच्या नावावर बसंल."

तात्यासाहेबांना ते आवडले नाही. इतक्या वर्षांची माणसे, त्यांच्यावर संशय घ्यायचा? ते लॅबकडे निघून गेले. प्रेरणा मग उत्पादनप्रमुख काकासाहेबांकडे गेली आणि तासाभराने पाय आपटत परत आली. ती फोनवर आईला सांगत होती, ते मी ऐकले. काकासाहेब म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही नवीन हायेत. मार्च जाऊ द्या, मग बघू तुमचं." मार्च गेला. मग ऑडिट जाऊ द्या, झाले. तिने लेखी अर्ज दिला. त्याला उत्तर आले नाही. तिने दुसरा दिला.

तो पासवर्ड बंद करण्याचा अधिकार तिला मिळेना, पण नोंदी ठेवण्याचा होता. एके दुपारी तिने माझ्यात एक नवी सोय चालू केली. त्या दिवसापासून कोण आत आले एवढेच नव्हे, तर कुठल्या संगणकावरून आले, हेही मी मिनिटासकट लिहू लागलो. "कुणी विचारलं तर सांगता आलं पायजे," ती मला म्हणाली. माझ्याशी बोलायची तिला सवयच लागली होती.

पाचव्या महिन्यात ती गोष्ट घडली.

लहान मुलांच्या तापाच्या सिरपची एक बॅच तयार झाली होती. सिरप ज्या पातळ द्रवात बनवतात, त्याच्या नमुन्यात तात्यासाहेबांना काहीतरी खटकले. त्यांनी बॅच थांबवली आणि पुन्हा तपासणी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाईघाईने माझ्या खोलीत आले. चेहरा उतरलेला.

"पोरी, जरा बघ गं. ती सिरपची बॅच म्या थांबवली व्हती. आता पाहतो तर सोडलेली दिसते. पहाटं माल गेला बी म्हणतात!"

त्यांच्या मागोमाग काकासाहेब आले. त्यांच्या हातात छापलेला कागद होता.

"तात्या, तुमच्याच नावावर हाय की. काल चार चाळीसला तुम्हीच सोडली. हे बघा."

"म्या नाय सोडली."

"आठवून बघा बरं. परवा चष्मा कपाळावर ठेवून सगळी लॅब धुंडाळत होता तुम्ही. वयानं होतं तसं. नजरचुकीनं झालं म्हणून इथं सही करा, वर मी सांभाळून घेतो."

तात्यासाहेब स्टुलावर बसले. त्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी तपासल्याशिवाय बाटली सोडली नव्हती. पण कागदावर त्यांचेच नाव होते, आणि नाव खोटे बोलत असेल असे त्यांना वाटेना. त्यांचा स्वतःवरचाच भरवसा डळमळला.

"केली असंन का म्या?" ते हळूच म्हणाले. "हल्ली विसरतो खरं मी." आणि त्यांनी खिशातून पेन काढले.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे माहीत होते. पण मी आपण होऊन बोलू शकत नाही. मला विचारावे लागते.

"तात्या, पेन ठेवा खाली," प्रेरणा म्हणाली.

ती माझ्यासमोर बसली आणि तिने विचारले. कालचे चार चाळीस, कुठला संगणक? मी सांगितले, डिस्पॅचमधला दोन नंबरचा. तिने पुढे विचारले, त्याच वेळी लॅबच्या संगणकावर कोण होते? तिथेही तात्यासाहेबच होते. चार अडतीसपासून पावणेपाचपर्यंत ते पाण्याच्या तपासणीचे आकडे भरत होते.

प्रेरणाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पाण्याचे आकडे कुणी भरले?"

"ते तर म्याच भरले. शेवटचा आकडा दोनदा चुकला व्हता."

"मग त्याच मिनिटाला तुम्ही डिस्पॅचमध्ये कसे?"

तात्यासाहेबांनी दोन्ही नोंदी बोट ठेवून वाचल्या. मग त्यांनी पेन खिशात परत ठेवले.

"डिस्पॅचच्या संगणकावर कुणीबी बसतं," काकासाहेब म्हणाले. "आणि निघणार काय त्या तपासणीत? आजवर निघालंय का काही? माल परत बोलावला तर बाजारात तोंड दाखवता येणार नाय. मॅडम, तुम्ही प्रोबेशनवर हायेत, हे विसरू नका."

"नाय विसरले. काढायचं तर काढा. कुणी सोडली ते नंतर बघू, आधी तो माल थांबला पायजे." आणि तिने तिथूनच कारखान्याच्या मालक अनसूया मॅडम यांना फोन लावला. त्या शहरातल्या घरी होत्या. प्रेरणाने माझ्या दोन्ही नोंदी त्यांना शब्दनशब्द वाचून दाखवल्या. पलीकडून त्यांनी एकच विचारले, "खात्री आहे?"

प्रेरणा उत्तर देणार, एवढ्यात तात्यासाहेबांनी फोनसाठी हात पुढे केला.

"मॅडम, बॅच मी थांबवली होती. मी सोडली नाय. मला खात्री हाय." आता त्यांचा आवाज स्थिर होता.

माल परत बोलावण्याचा हुकूम पाच मिनिटांत निघाला.

पुढचे मी पाहिले नाही. ते मला नंतर प्रेरणाच्या बोलण्यातून कळले. शहाण्णव खोकी जालन्याच्या गोदामात उतरली होती. त्यातली चौऱ्याण्णव तशीच मिळाली. दोन अंबडच्या एका दुकानात पोचली होती. प्रेरणा आणि तात्यासाहेब कारखान्याच्या गाडीने तिथे गेले. दुकानदाराने तीन बाटल्या विकल्या होत्या. दोन शेजारच्याच गल्लीत सापडल्या. तिसरी गावाबाहेरच्या वस्तीवर होती. तिथल्या बाईने बाटली पदराखाली धरली आणि देईना.

"पोराला ताप हाय. मला म्हनले संध्याकाळपासून सुरू करा. अन् तुम्ही औषध कामून नेता?"

तात्यासाहेबांनी तिला काय काय समजावले असेल! शेवटी ते स्वतः गावात परत गेले, डॉक्टरांना विचारून दुसरे औषध विकत घेतले, मुलाच्या अंगाला हात लावून बघितला, आणि मग ती बाटली मागितली. तिचे सील शाबूत होते. परतताना ती बाटली त्यांनी वाटभर मांडीवर धरून ठेवली होती, असे प्रेरणा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. बॅच खराब होती. मुलांना देण्याजोगी मुळीच नव्हती.

अनसूया मॅडम त्या दिवशी माझ्या खोलीत आल्या. इतकी वर्षे मी त्यांच्या कारखान्याच्या किल्ल्या सांभाळत होतो, पण त्या पहिल्यांदाच मला बघत होत्या. काकासाहेबही होते. "मी नव्हतो," ते म्हणाले, "सिद्ध करून दाखवा." आणि खरे सांगायचे तर, मला ते सिद्ध करता येत नव्हते. मी संगणक सांगू शकतो. खुर्चीत कोण बसले होते हे मला ठाऊक नसते. माझे ज्ञान तिथे संपते.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मी येऊ का आत?"

कडूबाई होत्या. एकोणीस वर्षे पॅकिंगला, त्यातली बरीचशी कंत्राटावर. हातमोजेही काढायचे त्यांना सुचले नव्हते.

"डिस्पॅचची काच हाय ना, तिच्या अलीकडं माझं टेबल. परवा काकासाहेब बसले व्हते तिथं. मला म्हनले, कडूबाई, तात्यांचा पासवर्ड काय गं? म्याच पुठ्ठा दाखवला." त्यांनी एक हातमोजा ओढून काढला. "मला काढायचं तर काढा. माझी नातबी हेच औषध पिते, मॅडम."

शेवटी काकासाहेब बोलले. "गाडी उभी होती. दरवेळी दुसरी तपासणी चांगलीच येते. म्हटलं, एका दिवसानं काय फरक पडतोय."

ते दुष्ट नव्हते, मित्रांनो. पण स्वतःच्या नावाने ते बटण दाबायची वेळ आली असती, तर त्यांनी दाबले नसते. दुसऱ्याचे नाव हाताशी होते, म्हणून बोट पुढे गेले.

काकासाहेबांना पद सोडावे लागले. अनसूया मॅडमनी झालेला प्रकार औषध निरीक्षकांना स्वतः लेखी कळवला. कडूबाईंना कुणी काढले नाही. तात्यासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "किल्ली म्याच वाटली. परत घ्यायची मलाच सुचली नाय. माझी बी चूक लिहा." आणि ती लिहायला लावल्याशिवाय ते उठले नाहीत.

त्यानंतर प्रेरणाने जे केले, त्याला तिच्या हट्टाशिवाय दुसरे नाव नाही. तिने तो जुना पासवर्ड बंद केला, पुठ्ठा फाडला, आणि एकशे चाळीस माणसांना एकेक करून समोर बसवले. नऊ दिवस हे काम चालले होते. ज्याचे जे काम, तेवढ्याच किल्ल्या. पहिल्या सकाळी पॅकिंगची लाइन दोन तास बंद पडली आणि सगळे तिच्या नावाने ओरडले. ती जागची हलली नाही. "ओरडा. पण नाव आपापलं टाका," ती म्हणाली. कडूबाईंचा नंबर आला, तेव्हा त्यांनी एका बोटाने आपले नाव टाकले आणि पासवर्ड ठरवायला अर्धा तास घेतला. प्रेरणाने तोंड फिरवून घेतले. "मला सांगू नका, मावशी. कुणालाच सांगू नका."

"नवऱ्याला बी नाय?"

"त्यांना तर मुळीच नाय!"

तात्यासाहेबांना नवा पासवर्ड मिळाला. तो त्यांनी कुणालाही सांगितला नाही. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाचा चहा पाच वाजता होता. चारला ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "पोरी, माझं नाव काढ. मी असतानाच काढ."

"तात्या, उद्या काढते की. आज राहू द्या."

"उद्या मी इथला कुणी नसंन. मग आज कशाला ठेवायचं?"

प्रेरणाने माझ्या यादीतून त्यांच्या नावापुढचे अधिकार एकेक करून काढले. शेवटचा काढताना तिचे बोट क्षणभर थांबले. मग तात्यासाहेब स्वतः संगणकासमोर बसले. चष्मा नीट केला, नाव टाकले, पासवर्ड टाकला. त्यांनी बटण दाबले आणि मी, ज्याने नऊ वर्षे त्या नावाला प्रत्येक दार उघडून दिले होते, सांगितले: प्रवेश नाही.

त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिले. तपासणीवाला माणूस, दोनदा बघणारच. मी पुन्हा नाही म्हणालो.

"शाब्बास," ते म्हणाले. पत्र्याच्या कपाटावर हलकेच थाप मारली, आणि चहाला गेले.

मित्रांनो, आता मीही थकलो आहे. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवे यंत्र येईल, आणि माझ्यातली यादी त्याच्याकडे जाईल. मला तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमचे नाव घेऊन कुणी दार उघडू मागितले, मग तो कितीही जवळचा असो, त्याला प्रेमाने नाही म्हणा. आणि अडचणीपायी कधी द्यावेच लागले, तर अडचण सरताच ते परत मागून घ्यायला विसरू नका.